वसंतातला किनारा: आधी ओहोटी बघा, मग हवामान

वसंतात समुद्रकिनारी फिरायला निघणारे बहुतेक जण हवा बघून दिवस ठरवतात. ऊन आहे, वारा पडलाय, चला. पण हवा सांभाळून घेता येते, अंगावर एक कपडा जास्त चढवला की भागतं. पाण्याचं तसं नाही. ऐन भरतीला गेलात तर हातभर वाळू आणि खडकावर आपटणाऱ्या लाटा एवढंच पदरात पडतं. सहा तासांनी त्याच जागी समुद्राचा तळ दूरवर उघडा पडलेला असतो. किनारा तोच, पण बघण्यासारखं जे आहे ते सगळं त्या दुसऱ्या वेळेला. म्हणून आधी ओहोटीचं वेळापत्रक, मग सुट्टी आणि शेवटी हवामान, असा क्रम लावा.

आणि वर्षात हा तळ सर्वांत जास्त उघडा पडण्याच्या काळांपैकी एक बऱ्याच किनाऱ्यांवर वसंतात येतो. अमावस्या-पौर्णिमेला उधाण येतं हे सगळ्यांना माहीत असतं. सूर्याची भरती आणणारी ओढ चंद्राच्या साधारण ४६ टक्के. दोघं एका रेषेत आले की ती चंद्राच्या ओढीत मिसळते, अष्टमीच्या सुमारास काटकोनात असले की तितकीच वजा होते आणि भांगाचं सुस्त पाणी मिळतं. विषुवदिनाच्या आसपास यात आणखी भर पडते. सूर्य विषुववृत्ताच्या माथ्यावर असतो आणि त्या दिवसांतल्या अमावस्या-पौर्णिमेला चंद्रही विषुववृत्तापासून फार दूर नसतो, त्यामुळे दिवसातून दोनदा येणाऱ्या भरतीला पुरा जोर मिळतो. उत्तर गोलार्धात हा दिवस २० मार्चच्या आगेमागे, दक्षिण गोलार्धात वसंताची सुरुवात २२-२३ सप्टेंबरला. म्हणजे दोन्हीकडच्या वसंताच्या तोंडाशी मोठं उधाण ठरलेलंच. (सप्टेंबरात उत्तरेकडेही तेवढंच पाणी हलतं, पण तेव्हा तिथे शरद असतो.) त्यात चंद्र पृथ्वीच्या जवळ असेल तर विचारायलाच नको. त्याचं अंतर सुमारे ३,५७,००० ते ४,०६,००० किलोमीटरच्या दरम्यान हलतं, आणि भरतीची ओढ अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे जवळच्या आणि लांबच्या चंद्रात जवळजवळ दीडपटीचा फरक पडतो.

एक बारीक गोष्ट पुष्कळांची चुकते. सर्वांत मोठं उधाण नेमकं अमावस्या-पौर्णिमेच्या दिवशी नसतं. बऱ्याच किनाऱ्यांवर ते एक-दोन दिवस उशिरा येतं, कारण महासागराचं पाणी त्या ओढीला हळूहळू प्रतिसाद देतं. एकच दिवस हाताशी असेल तर प्रतिपदा किंवा द्वितीया निवडा.

तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब पुष्कळांना पाठ असतो. हिशेब चांगला आहे, पण तो जसाच्या तसा लागू पडतो तो फक्त अमावस्येची भरती बाराच्या सुमारास येते अशाच किनाऱ्यावर. दुसरीकडे तिथला मूळ आकडा आधी शोधावा लागतो. समजा, एखाद्या गावी अमावस्येची भरती सहाला येते. तिथे पंचमीला पाच गुणिले ४८ मिनिटं, म्हणजे चार तास मिळवायचे: भरती दहाला आणि ओहोटी त्यापुढे सव्वासहा तासांनी, दुपारी सव्वाचारच्या सुमारास. पाऊण तासाऐवजी ४८ मिनिटं घेतली, कारण तीस तिथींत चोवीस तासांचा फेरा पूर्ण व्हायला तेवढीच लागतात. प्रत्यक्षात हा रोजचा उशीर उधाणाच्या दिवसांत कमी आणि भांगाच्या दिवसांत जास्त असतो, म्हणून हा हिशेब बेत आखण्यापुरता वापरा. पाण्यात उतरताना छापील तक्ताच हवा.

यातून एक फार उपयोगी गोष्ट निघते: एखाद्या किनाऱ्यावर उधाणाची ओहोटी वर्षभर घड्याळाच्या जवळपास त्याच वेळेला येते. भरती सहाची असेल तर मोठी ओहोटी दर वेळी दुपारी बाराच्या आसपास, निवांत. भरती बाराची असेल तर ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाला. अशा ठिकाणी सकाळचीच घ्या. परत फिरताना उजेड वाढत असतो, तर संध्याकाळी पाणी आणि अंधार दोन्ही एकदमच चढतात.

हे सगळं दिवसातून दोन भरत्या येणाऱ्या किनाऱ्यांचं झालं. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी पाणी वीत-दीड वीतच हलतं, बाल्टिकमध्ये जवळपास नाहीच. तिथे ओहोटीसाठी दिवस राखून ठेवण्यात अर्थ नाही. दुसरं टोक कॅनडातल्या फंडीच्या उपसागराचं, तिथे भरती-ओहोटीतला फरक १६ मीटरपर्यंत जातो. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर रोजच्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, एक बरीच खोल आणि दुसरी उथळ. तिथे तक्त्यात फक्त वेळ पाहून निघालात तर नेमकी उथळ ओहोटी वाट्याला यायची. वेळेशेजारचा उंचीचा आकडा वाचायची सवयच लावून घ्या.

तक्ता वाचताना वसंतातच होणारी आणखी एक चूक घड्याळाची. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिकेच्या बहुतेक भागात मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात. अनेक छापील तक्ते मात्र वर्षभर मूळ प्रमाणवेळेतच असतात, तास आपण मिळवायचा असतो. आधीच उन्हाळी वेळेत केलेल्या तक्त्यात परत तास मिळवला, तर ओहोटी उलटून गेल्यावर तासाभराने तुम्ही खडकांवर पोहोचाल, आणि मनात मात्र पाणी अजून उतरतंय असंच असेल. तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरात वेळ कोणती धरली आहे ते लिहिलेलं असतं. आधी ते वाचा.

हवेचा दाबही जमेला धरा. दाब एक हेक्टोपास्कलने वाढला की पाण्याची पातळी साधारण एक सेंटिमीटर दबते. सरासरी १०१३ धरली, तर १०३३ च्या स्थिर, निरभ्र दिवशी पाणी तक्त्यापेक्षा वीतभर खाली जातं. सपाट खडकाळ किनाऱ्यावर वीतभर खोली म्हणजे कित्येक पावलं जास्तीची जमीन. उलट दाब पडलेला आणि वारा समुद्राकडून जमिनीकडे असेल तर तक्त्यातली ओहोटी कागदावरच राहते.

आता पाणी किती वेगाने परततं ते. ओहोटीपासून भरतीपर्यंतचे साधारण सहा तास घ्या आणि एकूण चढ बारा भागांत वाटा: पहिल्या तासात एक भाग, मग दोन, तीन, तीन, दोन, एक. सहा मीटरचा फरक असेल तर पहिल्या तासात पाणी अर्धा मीटरच चढतं, दुसऱ्यात एक मीटर, तिसऱ्या-चौथ्यात दीड-दीड. माणूस फसतो तो या पहिल्या तासाच्या संथपणाला. वाटतं, अजून कुठे काय हललंय! जिथे भरती दोन टप्प्यांत येते, उदाहरणार्थ इंग्लंडमधलं साउथॅम्प्टन, तिथे हा हिशेब लागू पडत नाही.

सपाट वाळूवर हे आकडे आडवे पसरतात. दोनशे मीटरला एक मीटर एवढाच उतार असेल, तर तासाला दीड मीटर चढणारं पाणी तासात तीनशे मीटर पुढे येतं, मिनिटाला पाच मीटर. चालणारा माणूस याला सहज मागे टाकतो, म्हणून लोक निर्धास्त असतात. खरा धोका पाठीमागून येतो. वाळूचा पट्टा दिसतो सपाट, पण त्यात ओढ्यांसारख्या खोलगट वाटा असतात आणि भरतीचं पाणी आधी त्यांतून आत शिरतं. तुम्ही उंचवट्यावर कोरडे उभे आणि तुमच्या व किनाऱ्याच्या मध्ये कमरेइतकं पाणी वाहतंय, अशी ही कोंडी होते. इंग्लंडमधल्या मोरकॅम्ब उपसागरात ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री शिंपले वेचणारे किमान २१ मजूर असेच वेढले जाऊन बुडाले. अशा विस्तीर्ण वाळूवर वाट माहीत असलेल्या स्थानिक माणसाशिवाय लांब जाऊच नका, ऊन कितीही छान असो.

खडकाळ किनाऱ्यावरची कोंडी वेगळी. दोन भूशिरांच्या मधला छोटा उपसागर, मागे उभा कडा. भूशिराचा पायथा हे त्याचं दार. तुम्ही आत रमलेले असताना हे दार सर्वांत आधी बंद होतं, आतली वाळू तासभर कोरडी असली तरी. म्हणून आत शिरताना पायथ्याशी थांबा, तिथला खडक आत्ता पाण्याच्या किती वर आहे ते बघा, आणि उतरत्या पाण्यातच आत जा. माझा नियम सरळ आहे: तक्त्यातल्या ओहोटीच्या दोन तास आधी खडकांवर, ओहोटीच्या क्षणी सर्वांत खालच्या टोकाला, आणि पाणी वळलं की तोंड किनाऱ्याकडे. पाणी उतरताना त्याच्या मागोमाग खाली जायचं, चढताना त्याच्या पुढे. गजर लावून ठेवा, कारण डबक्यात डोकं घातलेल्या माणसाला वेळेचं भान राहत नाही.

आणि मग ती डबकी. इथे घाई केलीत तर काहीच दिसत नाही, आणि बहुतेक लोक घाईच करतात.

खडक वरून खाली पट्ट्यांमध्ये वाचायचा असतो. समशीतोष्ण किनाऱ्यांवर सगळ्यात वर डांबर सांडल्यासारखा काळा थर दिसतो, तो दगडफुलाचा. ओला झाला की त्याच्यासारखं निसरडं काही नाही. त्याखाली बार्नेकलचा, म्हणजे खडकाला कायमच्या चिकटलेल्या कवचधारी जिवांचा, पांढरट, खरखरीत पट्टा; यावर पाय घट्ट बसतो, पण पडलात तर कातडी सोलून निघते. मग शिंपले, मग तपकिरी शेवाळाच्या झालरी, आणि तळाला केल्प या मोठ्या समुद्री शेवाळाची चामड्यासारखी लांब पानं. हा शेवटचा पट्टा एरवी पाण्याखालीच असतो, मोठ्या उधाणातच तो तासाभरासाठी उघडा पडतो. पायात जुने, बंद पुढचे, खोल नक्षीच्या तळव्याचे बूट हवेत. सँडलमध्ये शेवाळावरून घसरलेलं बोट नेमकं बार्नेकलवर जातं. हिरव्या पातळ शेवाळावर पाय टाकूच नका. टाकावाच लागला तर पूर्ण तळवा एकदम टेकवा, टाच आधी नको.

डबक्यापाशी सूर्याकडे तोंड करून बसा, म्हणजे सावली पाण्यात पडणार नाही. पोलराइज्ड चष्मा असेल तर पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांच्या कोनातून बघा, या कोनात चकाकी जवळपास पूर्ण नाहीशी होते. नंतर पाच मिनिटं हलू नका. पहिल्या मिनिटात दिसतं ते फक्त शेवाळ आणि त्यावर चिकटलेले प्राणवायूचे बुडबुडे, कारण उन्हात शेवाळ तो भराभर सोडत असतं. मग खालचा एक दगड सरकल्यासारखा वाटतो, तो खेकडा. पारदर्शक कोळंबीच्या आधी मिशा दिसतात, बाकी अंग नंतर. खडकाला चिकटलेला लालभडक जेलीचा गोळा म्हणजे पाण्याबाहेर पडल्यामुळे मिटलेलं समुद्रफूल. तेच पाण्याखाली बोटं पसरून बसलेलं शेजारी सापडेल. त्यात बोट खुपसायचा मोह होतो, पण दर स्पर्शाला त्याला मिटावं लागतं आणि तेवढा वेळ त्याची शिकार बुडते.

लिम्पेट या शंखाच्या प्राण्याकडे जरा जवळून बघा. खडकाला चिकटलेली ही चिनी टोपी दगडासारखी निर्जीव वाटते. पण भरतीत ती हिंडते, खडकावरचं पातळ शेवाळ खरवडून खाते आणि ओहोटीआधी आपल्याच जागी परतते, आपल्याच चिकट मागावरून. तिच्या शंखाची कड त्या जागेच्या उंचसखलपणाला जुळवून घेत वाढते, मऊ खडक असेल तर शंखच खडकात कंगोरा घासून बसतो. त्यामुळे फट उरत नाही आणि ओहोटीच्या उन्हात आतलं पाणी टिकतं. रिकामी झालेली अशी अंडाकृती खूण खडकावर सापडली तर तिच्यावरून बोट फिरवून बघा, कड स्पष्ट लागते. खरवडायचे तिचे दात गोथाइट या लोहखनिजाने मजबूत झालेले असतात. लिम्पेटला उचकटून काढून दुसरीकडे चिकटवणारे लोक तिचं घर मोडतात. नव्या जागी कड जुळत नाही आणि ती वाळून मरते.

वसंतात खडकांच्या कपारींत तांदळाच्या दाण्यांसारखे पिवळसर झुबके दिसले, तर ती डॉगव्हेल्क या शिकारी शंखगोगलगाईची अंडी. उत्तर अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर ती भरपूर आढळतात. एकेका दाण्यात शेकडो अंडी असतात, त्यातली बहुतेक फलित होतच नाहीत. बाहेर पडण्याआधी मोजकी पिल्लं त्यांच्यावरच वाढतात.

दगड उलटून बघायचे तर दोन तळव्यांत मावणारेच. मोठा दगड हातातून सुटला की खालचं सगळं चिरडतो. हात आधी समुद्राच्या पाण्यात ओले करा, दगड आपल्याकडे वळवून उचला, म्हणजे पलीकडून पळणाऱ्यांना वाट राहते, आणि पाहून झालं की होता तसाच, त्याच बाजूने ठेवा. हे सांगूनही लोक विसरतात. दगडाच्या वरच्या बाजूला उजेडावर जगणारं शेवाळ असतं, खालच्या बाजूला अंधारात, ओलाव्यात जगणारे स्पंज आणि अंडी. उलटा ठेवलात की दोन्ही मरतात, आणि त्या किनाऱ्यावर हौशी लोक किती येऊन गेले ते अशा पांढऱ्या पडलेल्या दगडांवरून मोजता येतं.

वसंताचं ऊन फसवं असतं. २० एप्रिलला सूर्य आकाशात २२ ऑगस्टइतकाच उंच असतो, पण हवा गार म्हणून टोपी कोणी घालत नाही आणि संध्याकाळी मान भाजलेली निघते. पाण्याची गोष्ट उलटी. समुद्र जमिनीपेक्षा फार सावकाश तापतो. उत्तरेकडच्या समशीतोष्ण किनाऱ्यांवर पाणी वर्षातलं सर्वांत थंड असतं ते फेब्रुवारी-मार्चमध्ये. १५ अंशांखालच्या पाण्यात अचानक पडलं की पहिली दोन-तीन मिनिटं श्वास आपोआप, जोरजोरात ओढला जातो. पट्टीचा पोहणाराही तेव्हा नाकातोंडात पाणी घेतो. पडलातच तर हातपाय मारू नका, पाठीवर तरंगा आणि श्वास ताब्यात आला की मग पोहा. खडकाच्या टोकाला जाण्याआधी वीसेक मिनिटं लांबून लाटा मोजणं हा त्याहून स्वस्त उपाय. मोठ्या लाटा अधूनमधून येतात, आणि कोरडा दिसणारा खडक सगळ्यात मोठीला भिजतो की नाही हे तेवढ्या वेळात कळतं.

पाणी गार आणि जमीन तापलेली, यामुळे वसंतात समुद्रवारं जोरात येतं. सकाळी पाणी आरशासारखं असतं, दहा-अकराला वारं सुटतं आणि दुपारी जोर धरतं. डबक्यांवर तरंग उठले की आत काही दिसत नाही. त्यामुळे दोन ओहोट्यांतून निवड असेल तर सकाळचं पारडं आणखी जड होतं. धुकंही याच गारठ्याचं अपत्य. दमट उबदार हवा गार पाण्यावरून सरकली की खालून थंड होते आणि ढग थेट समुद्रावर बसतो. आत जमिनीवर लख्ख ऊन असताना किनारा पंधरा मिनिटांत दिसेनासा होतो. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर वसंत-उन्हाळ्यात येणाऱ्या या धुक्याला हार असं नावच आहे. क्षितिजाची रेघ पुसट झाली की परत फिरा. होकायंत्रावर किनाऱ्याची दिशा निघतानाच बघून ठेवलेली असावी, कारण धुक्यात लाटांचा आवाज सगळीकडून येतो.

कड्यांबद्दल थोडक्यात. हिवाळ्याचा पाऊस आणि बर्फ यांनी भेगा रुंद झालेल्या असतात, तेव्हा वसंतात दरडी सुटतात. खाली चालताना कड्याच्या पायथ्यापासून शक्यतो त्याच्या उंचीइतकं दूर राहा; ताज्या रंगाचे, शेवाळ न चढलेले दगड पडलेले दिसले तर तिथे डबा उघडून बसू नका. वर चालताना कडेचं गवत बघून भुलू नका, खाली माती उरलेलीच नसते. वायव्य युरोपात याच कड्यांवर एप्रिलपासून थ्रिफ्ट या फुलझाडाच्या गुलाबी गाद्या फुलतात आणि पफिन हे समुद्रपक्षी बिळांत परततात. त्यांची बिळं माथ्याजवळच्या मऊ मातीत असतात, वाट सोडून चाललात की पायाखाली छत ढासळतं.

गोट्यांच्या किनाऱ्यावर पक्षी उघड्यावरच अंडी घालतात. टिटवीच्या नात्यातले छोटे चिखले आणि कुरव यांचं घरटं म्हणजे भरतीरेषेच्या वर गोट्यांमधला एक खळगा, आणि अंडी हुबेहूब गोट्यांसारखी ठिपकेदार. पाय पडल्यावरच कळतं. एखादा पक्षी पंख मोडल्यासारखा फरफटत तुमच्यापुढे पळू लागला, तर तो तुम्हाला घरट्यापासून दूर नेतोय. आहात तिथे थांबा, पायाखाली बघा आणि आलात त्याच पावलांवरून ओल्या वाळूकडे उतरा. कुत्रा बरोबर असेल तर या महिन्यांत दोरी सोडू नका.

पाणी वळल्यावर उरलेला वेळ भरतीरेषेला द्या, मागच्या भरतीने ढकलून ठेवलेल्या त्या शेवाळाच्या काळ्या रांगेला. त्यात चामड्याच्या चौकोनी पिशव्या सापडतात. चारही कोपऱ्यांना ताठ शिंगं असतील तर ती स्केट माशाच्या अंड्याची. कोपऱ्यांतून वेलीसारखे कुरळे धागे निघत असतील तर कॅटशार्क या छोट्या शार्कच्या, तो त्या धाग्यांनी पिशवी शेवाळाला अडकवतो. उन्हात वाळलेली पिशवी आक्रसून आकार बदलते, त्यामुळे जात ओळखायची असेल तर काही तास पाण्यात भिजत ठेवा आणि फुगल्यावर शिंगं सोडून लांबी मोजा. पिशवी जड लागली, उजेडासमोर धरल्यावर आत काही हलताना दिसलं, तर ती घरी न्यायची नाही. उतरून परत खोल डबक्यात ठेवून यायची.